तिसरी शेड मुकी झाली

सोमवार, १४ ऑक्टोबर

डोकं अजून दणाणतंय! डुकराची चारशे पिल्लं एका शेडमध्ये एकदम किंचाळली की काय होतं, ते सांगून कुणाला कळायचं नाही. कानांवर मोठे डिफेंडर लावूनही दात शिवशिवत होते. नवऱ्याला म्हटलं, अंबरीश, तुझ्या फॅक्टरीत विमानाचं इंजिन टेस्ट करतात ना, ते आमच्या तिसऱ्या शेडपुढे अंगाई आहे. तो हसला. त्याला वाटतं मी वाढवून सांगते.

तर — मार्गरेटचा फार्म. माझी पहिली एकटीची केस. निघताना कुश गाडीच्या खिडकीशी आला. हा माझा सीनियर, वयाने माझ्याहून लहान, जन्म इथला, लंडनच्या इल्फर्डचा. मराठी बोलायची फार हौस. "ताई, यू विल बी फाइन. तुझी हात खूप स्टेडी आहे." तुझी हात! मी दुरुस्त करत नाही, गोड वाटतं.

मार्गरेट म्हणजे साठीची, दोरखंडासारखी बाई. नवरा गेल्या वर्षी गेला. तेव्हापासून सगळं एकटी बघते. मला 'इरा' म्हणते, इरावती तिच्या जिभेवर बसत नाही. म्हणाली, मागची बॅच अशीच लंगडत गेली. हीसुद्धा गेली तर शेडला कुलूप. रडून वगैरे नाही, चहात दूध किती घालू विचारावं तसं बोलली.

पिल्लं खरंच वाईट लंगडताहेत. गुडघे सुजलेले, गरम. मुख्य संशयित जंतू दोन. एक स्ट्रेप, त्याला पेनिसिलिन लागू पडतं. दुसरा मायकोप्लाझ्मा, त्याला पेनिसिलिन म्हणजे नुसतं पाणी. दिसायला दोघांचंही लंगडं पिल्लू सारखंच. चुकीचा चोर धरला, की औषध चुकलं आणि शेड रिकामी. म्हणून सांध्यात सुई घालून पाणी काढायचं आणि लॅबला पाठवायचं.

ते काढताना एकाने अशी लाथ झाडली की त्याच्या सांध्यातली सुई निघाली ती थेट माझ्या डाव्या तर्जनीत. हातमोजा आरपार. धुतलं, चिकटपट्टी लावली. या धंद्यात हे चालायचंच.

घरी मागच्या दाराने प्रवेश, कपडे थेट मशीनमध्ये, डोक्यावरून आंघोळ, मग स्वयंपाकघर. हा अंबरीशचा कायदा. नागपुरात आईने सगळ्यांना सांगून ठेवलंय की मी गायींची डॉक्टर आहे. असू दे. गाय काय, डुक्कर काय, लंगडताना दोघांनाही सारखंच दुखतं.

बुधवार, १६ ऑक्टोबर

ताप. बोट ठणकतंय. जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, फोन केला तर बाई गोड आवाजात म्हणाली, पुढच्या आठवड्यात डॉक्टर कॉल बॅक करतील. पुढच्या आठवड्यात! तोवर माणूस एक तर बरं होतं, नाही तर कायमचं गार.

शेवटी आईची पिशवी काढली. दर वेळी नागपूरहून निघताना भरून देते. प्रत्येक पट्टीला रबर लावून तिच्या अक्षरात चिठ्ठी — 'पोट', 'घसा', 'जखम-ताप'. जखम-तापात अमॉक्सिसिलिन निघालं. घेतली एक. कुशला कळलं तर नोकरीवरून काढेल.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

ताप उतरला. बोट भरत आलं. गोळ्या बंद. उरलेल्या रबर लावून परत पिशवीत, पुढच्या वेळी होतील. आई तू थोर आहेस.

लॅबचा रिपोर्टही आला. कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघतात त्यात, काहीच उगवलं नाही. मात्र दुसऱ्या टेस्टमध्ये मायकोप्लाझ्मा सापडला. म्हणजे स्ट्रेप बाद! त्याप्रमाणे औषध लिहून दिलं.

कुशचं तोंड वाकडं. "ताई, कल्चर ब्लँक आली की मी ट्रस्ट करत नाही. आणि मायकोप्लाझ्मा तर हेल्दी पिगमध्ये पण मिळते. कुणी आधी इंजेक्शन दिला होता का? विचारलीस?" विचारलं होतं. मार्गरेट 'नो' म्हणाली होती. आता काय शपथ घ्यायला लावू? यांना सगळ्यात शंका.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

फॉलो-अप. फारसा फरक नाही. दोन मेलेली, लंगडणारी वाढली. मार्गरेटने तरीही चहा दिला, म्हणून जास्त लागलं.

एक गोष्ट विचित्र. शेड आज शांत वाटली. मागच्या वेळची किंकाळी नाही. नुसती कुरकुर. आजारी असली की थंडावतात, ठीक आहे. पण एक पिल्लू भिंतीशी उभं होतं, मान एका बाजूला कलती करून. कान देऊन काही तरी ऐकत असल्यासारखं. मी जवळ गेले तरी हललं नाही. भिंतीच्या पलीकडे काय आहे म्हणून मार्गरेटला विचारलं. काही नाही, नुसतं शेत.

परत येताना ते पिल्लू डोळ्यांसमोरून जाईना.

शनिवार, २६ ऑक्टोबर

डोकं जड. मान आखडली. उशी बदलायला हवी.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

आजचं सगळं नीट लिहिते.

शेडचं दार सरकवलं आणि थबकले. आवाजच नाही! अगदीच नाही असं नाही, पण दुरून, जाड गोधडीखालून आल्यासारखी कुजबुज. चारशे पिल्लं. सगळी माझ्याकडे बघताहेत. तोंडं उघडताहेत, मिटताहेत. बाहेर काही पडत नाही. एकाने दुसऱ्याचा कान चावला, त्याने मान वर करून तोंड वासलं. मी वाट बघत राहिले. काही नाही.

 खोटं कशाला बोलू, पळून जावंसं वाटलं.

डिफेंडर काढून गळ्यात अडकवला. गरजच काय? पण मार्गरेट! तिने मात्र तिचा घट्ट लावलेला. या स्मशानशांततेत! मी कानाकडे बोट दाखवून विचारलं, हे कशाला? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वेडी. मग काही तरी बोलली, ओठ हलले. मी मान डोलावली.

कोपऱ्यात एक आडवं पडलेलं. डोकं मागे ताणलेलं, चारही पाय हवेत सायकल मारताहेत.  ही मेंदूच्या आवरणाची सूज. मायकोप्लाझ्मा हे करत नाही. निदान चुकलं. माझं. सरळ लिहिते, चुकलं!

मार्गरेटला बाहेर घेऊन आले, पुन्हा विचारलं, मी पहिल्यांदा यायच्या आधी इंजेक्शनं दिली होतीस ना? तिने खाली बघितलं. ओरडून ओरडून बोलली (हल्ली ती फार मोठ्याने बोलते) — मागच्या बॅचची पेनिसिलिनची बाटली उरली होती, जास्त लंगडणाऱ्यांना एकेक टोचली. दुसऱ्या दिवशी उठून चालायला लागली. मग बंद केलं. एकेकच तर होतं, त्याला काय इंजेक्शन म्हणायचं, असं तिला वाटलं.

आणि मी नेमकी त्याच लंगड्यांच्या सांध्यातलं पाणी काढलं! अर्धवट औषधाने जंतू मेला नाही, फक्त लपला. कल्चरला दिसेनासा झाला, आणि आत, अंगात, खुशाल फिरत राहिला. मी असली भडकले! म्हटलं, बाई गं, अर्धा डोस हा औषध न देण्यापेक्षा वाईट. बरं वाटलं म्हणून बंद करायचं नसतं. कोर्स म्हणजे कोर्स. दर मीटिंगमध्ये सांगतो आम्ही हे, पण पालथ्या घड्यावर पाणी! बिचारीने ऐकून घेतलं. नंतर वाईट वाटलं मला.

मग ज्यांना अजिबात टोचलेलं नाही अशी ताजी लंगडी शोधली, त्यांचे नमुने घेतले. सायकलवालं पिल्लू कायमचं झोपवलं आणि पोस्टमॉर्टेमला पाठवलं, मेंदूसकट. रिपोर्टची वाट न बघता सगळ्यांना पेनिसिलिन सुरू, पूर्ण कोर्स. देवा, उशीर झालेला नसू दे.

निघताना माझाही गुडघा धरला होता. मार्गरेट जवळ येऊन ओरडली, "इरा, तू माझ्या पिल्लांसारखी चालतेस!" थट्टा होती. मला हसू आलं नाही.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

दिवाळी, आणि घरात जळक्या डाळीचा वास! कशात काय नि फाटक्यात पाय.

कुकर लावून टेबलाशी दिवे पुसत बसले होते. तीन शिट्ट्या झाल्या की बंद करायचा, हा आयुष्यभराचा हिशोब. शिट्टी झालीच नाही. थांबले. थांबले. एकदम अंबरीश जिन्यावरून धावत खाली. स्वयंपाकघरात धूर. हा माणूस टॉवेल घेऊन स्मोक अलार्मखाली उड्या मारतोय! अलार्म बंद पडलेला, त्याच्याखाली कसला नाच? मला हसूच फुटलं. तो वळला आणि जे काही बडबडला — सणाच्या दिवशी मी लक्ष दिलं नाही.

कुकरची शिट्टी बिघडली असणार. नवी मागवायला हवी.

हल्ली पुटपुटतो फार. विचारलं की म्हणतो, "नथिंग, सोड." अगदी नवऱ्यासारखं.

रविवार, ३ नोव्हेंबर

भाऊबीज. आईचा व्हिडिओ कॉल. नागपूरच्या नेटला काय झालंय कोण जाणे, चित्र लख्ख आणि आवाज विहिरीच्या तळातून. ती बोलत होती, मी हं-हं करत होते. शेवटी तिने फोन अगदी तोंडाशी धरला. नुसतं तोंड दिसायला लागलं. उघडतंय, मिटतंय.

मला एकदम तिसरी शेड आठवली. कॉल कट केला. आईचा कॉल! असं मी कधी केलं नव्हतं.

चालताना जमीन जराशी कललेली वाटते. झोप हवी.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

बॉनफायर नाइट, इथली फटाक्यांची रात्र. जेवणाआधी खिडकीतून फटाके बघितले. कौन्सिलने यंदा बिनआवाजाचे आणलेले दिसतात, कुत्र्यामांजरांना त्रास नको म्हणून. चांगली गोष्ट आहे. पण बघायला कसंतरीच वाटलं. आभाळभर लाल-हिरवं फुटतंय, विझतंय, आणि त्याला काही आवाज नाही. पलीकडच्या बाईंचं कुत्रं मात्र बागेतल्या बाकाखाली शिरून थरथर कापत होतं. सवय, दुसरं काय.

अंबरीशने मागून खांद्याला हात लावला तर मी किंचाळले. केव्हा आला ते कळलंच नाही. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

बुधवार, ६ नोव्हेंबर

पिल्लं बरी होताहेत! खरंच बरी होताहेत. सूज उतरली, लंगडणं कमी, कालपासून एकही मेलेलं नाही. मार्गरेटने मला मिठी मारली, डुकराच्या वासासकट. मी पण मारली. कुलूप टळलं तिचं.

पण.

धावताहेत, भांडताहेत, दाण्यासाठी एकमेकांच्या अंगावर चढताहेत, आणि चिडीचूप. आता तर कुजबुजही नाही. बादली पडली तीही आवाज न करता. अंगातून आजार गेला, मग आवाज का परतला नाही? दोन रात्री पुस्तकं धुंडाळतेय. लंगडणं आहे, झटके आहेत, मान कलणं आहे. डुकरं मुकी होतात असं कुठेच लिहिलेलं नाही. म्हणजे हे नवीन लक्षण आहे. आजवर कुणी नोंदवलं नाही. मी नोंदवणार!

कुश पुराव्याशिवाय मानणार नाही. म्हणून शेडच्या मधोमध उभी राहून व्हिडिओ घेतला, मुद्दाम दाण्याच्या वेळी, जेव्हा गोंगाट सर्वांत जास्त असतो तेव्हा. मार्गरेट दाराशी उभी, डिफेंडरवरून आणखी दोन्ही हात दाबून. मला तिची काळजी वाटायला लागली आहे. एकटी राहते, काही तरी बिनसलंय तिचं.

व्हिडिओ कुशला पाठवला. खाली लिहिलं — 'बघ, पूर्ण शेड मुकी. आवाज ऐक. म्हणजे, नाही तो ऐक!'

गुरुवार, ७ नोव्हेंबर

सापडला! स्ट्रेप. सांध्यात पण, मेंदूत पण. ज्यांना टोचलं नव्हतं त्यांच्यात भरभरून उगवला. अखेर चोर हाती लागला आणि औषधही तेच चालू आहे. देव्हाऱ्यापुढे साखर ठेवली.

पण रिपोर्टच्या शेवटी नेहमीची सूचना असते, ती वाचली आणि धस्स झालं. हा स्ट्रेप माणसालाही होतो. जखमेतून शिरतो. ताप, डोकेदुखी, मान आखडणं. मेंदूच्या आवरणाला सूज. आणि बऱ्याच जणांचे कान जातात. कायमचे. हे कॉलेजात घोकलेलं, पण मायकोप्लाझ्मा म्हणून निश्चिंत बसले होते मी.

मार्गरेट! हातावर केवढ्या चिरा तिच्या, हातमोजे कधी घालत नाही. आणि ओरडून बोलते. कान गेलेली माणसं अशीच तर ओरडून बोलतात! सगळं लक्षात आलं एकदम. शांत शेडमध्ये डिफेंडर, त्यावर दाबलेले हात, ते भलतंच बघणं. माझ्या चुकीच्या निदानाने तिचे कान गेले. रडूच आलं.

लगेच फोन लावला. उचलला गेला, पण पलीकडे नुसती शांतता. स्क्रीनवर कॉल चालूच. मी ओरडतेय, मार्गरेट, मार्गरेट, हॉस्पिटलला जा, ताबडतोब! काही उत्तर नाही. माझं ऐकूच जात नव्हतं तिला. मग मेसेज केला.

तिचा उलट मेसेज आला — 'इरा, मी तीनदा उत्तर दिलं. माझे कान ठणठणीत आहेत. तू इतकी का ओरडत होतीस?'

बहिरं माणूस कधी कबूल करतं का? उद्या सकाळी स्वतः जाऊन तिला गाडीत घालून नेणार. डोकं फार दुखतंय, पण नेणार.

कुशचंही उत्तर आलंय व्हिडिओवर. नुसतं एक प्रश्नचिन्ह.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

निघायच्या आधी अंबरीशला विचारलं, या प्रश्नचिन्हाचा काय अर्थ, आणि तो व्हिडिओ पूर्ण आवाजात लावून फोन त्याच्या हातात दिला. तो दचकून मागे सरला. फोन टेबलावर टाकला आणि दोन्ही कानांवर हात दाबून धरले.

फोनमध्ये पिल्लं तोंडं उघडत होती. टेबलावर फोन थरथरत होता. मी त्यावर बोट ठेवून पाहिलं. डाव्या हाताचं, सुई लागलेलं.